एकास सत्त्याऐंशी

रेल्वेची संग्रहालये ढोबळमानाने दोन प्रकारची असतात. पहिल्या प्रकारच्या संग्रहालयात सेवेतून निवृत्त झालेली खरी इंजिने, डबे, सिग्नलचे खांब आणि कंदील जतन केलेले असतात. दिल्लीचे १९७७ साली सुरू झालेले राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय किंवा नागपूरच्या मोतीबाग परिसरातील २००२ सालचे नॅरोगेज संग्रहालय ही त्याची परिचित उदाहरणे होत. दुसऱ्या प्रकारच्या संग्रहालयात रेल्वेने कधी वापरलेली अशी एकही वस्तू नसते, एखाद्या दालनात टेबलाच्या उंचीवर डोंगर, बोगदे, पूल, फलाट आणि गावे उभी केलेली असतात आणि त्यांच्यामधून हातात मावतील एवढ्या गाड्या धावत असतात. पुण्यात कोथरूड भागात भाऊसाहेब जोशी यांनी आयुष्यभर जोपासलेल्या छंदातून उभे राहिलेले आणि १ एप्रिल १९९८ रोजी पूर्णत्वास गेलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय या दुसऱ्या प्रकारातले असून, एका कुटुंबाने सांभाळलेल्या त्या दालनात वाफेच्या इंजिनाच्या गाडीपासून अतिवेगवान गाडीपर्यंत आणि दोरखंडाने ओढल्या जाणाऱ्या डब्यापासून सर्कशीच्या तंबूपर्यंत एक अख्खे शहर ध्वनी आणि प्रकाशाच्या साथीने प्रेक्षकांसमोर हलू लागते.

या दुसऱ्या प्रकाराकडे मुलांच्या करमणुकीचे ठिकाण म्हणून पाहिले जाते आणि ती करमणूक खरीच असते. परंतु तेवढ्यावर थांबणे म्हणजे त्या दालनातला फार मोठा ऐवज न पाहताच परतणे होय. मोठ्या संग्रहालयातले इंजिन अस्सल असले तरी ते जागच्या जागी उभे असते, आणि उभे इंजिन पाहून लोखंडाचा आकार कळतो, रेल्वे कळत नाही. अनेक गाड्यांनी एकमेकींच्या वाटेत न येता त्याच रुळांवरून ये-जा करणे ही जी व्यवस्था आहे तीच रेल्वे असून, फलाटावर उभ्या असलेल्या माणसाला तिचा एक लहानसा तुकडाच दिसत असतो. ती व्यवस्था एका नजरेच्या टप्प्यात आणायची तर तिला लहान करण्यावाचून इलाज नाही, आणि लहान करताना काय टिकते व काय बिघडते या प्रश्नातच छोट्या रेल्वेचे सगळे शास्त्र सामावलेले आहे.

येथे दोन शब्द वेगळे करून घेतले पाहिजेत. खऱ्या वस्तूच्या किती पटींनी प्रतिकृती लहान आहे हे सांगणारा आकडा म्हणजे प्रमाण, छंदिष्टांच्या बोलीत स्केल. तर दोन रुळांच्या आतल्या कडांमधील अंतर म्हणजे गेज. या छंदात जगभर सर्वाधिक रूढ झालेले प्रमाण एकास सत्त्याऐंशी हे आहे, म्हणजे ८७ मिलिमीटरच्या जागी १ मिलिमीटर. असा विषम आकडा कोणी ठरवून निवडलेला नाही. जर्मनीतील मेर्कलिन या खेळण्यांच्या कारखान्याने १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत पत्र्याच्या गाड्या रुळांसह मांडल्या आणि रुळांच्या रुंदीला क्रमांक दिले. पुढे त्या क्रमांकांच्या खाली ‘शून्य’ क्रमांकाची आणखी अरुंद, ३२ मिलिमीटरची जात आली, आणि घरे लहान व विजेच्या मोटारी चिमुकल्या होऊ लागल्या तेव्हा त्या शून्याचेही अर्धे करण्यात आले. या अर्ध्या शून्यालाच एचओ म्हणतात. त्याच्या रुळांची रुंदी १६.५ मिलिमीटर असून तिला ८७ ने गुणले की युरोप-अमेरिकेतील प्रचलित रेल्वेची १४३५ मिलिमीटर ही रुंदी मिळते. हॅम्बुर्ग येथे २००१ साली दोन भावांनी सुरू केलेली ‘मिनिआटुर वुंडरलांड’ ही अतिविशाल मांडणीसुद्धा याच प्रमाणात रचलेली आहे.

एकास सत्त्याऐंशी हे प्रमाण ऐकायला भलतेच लहान वाटते, पण हिशेब मांडला की छंदिष्टाची पहिली अडचण लक्षात येते. चोवीस डब्यांची एक मेल गाडी या प्रमाणात बनवली तर प्रत्येक डबा सुमारे साडेपंचवीस सेंटिमीटर भरतो आणि इंजिनासह गाडी सव्वासहा मीटरांच्या पुढे जाते, म्हणजे तिच्या केवळ एका फलाटासाठी एक लांबलचक खोली लागते. कर्जत ते लोणावळा हा भोर घाटाचा टप्पा २८ किलोमीटरांचा आहे. प्रमाणाशी पूर्ण प्रामाणिक राहायचे ठरवले तर त्याच्या प्रतिकृतीला ३२० मीटरांहून लांब जागा हवी, आणि त्या टप्प्यात गाडी जी साडेपाचशे मीटरांहून अधिक उंची चढते ती दाखवायला दुमजली घराएवढे दालन हवे. साहजिकच कोणतीही मांडणी अंतराच्या बाबतीत प्रमाण पाळत नाही. इंजिन, डबा, फलाटावरचा बाक आणि बाकावरचा माणूस हे सारे ८७ पटींनी लहान असतात; परंतु दोन स्थानकांमधले अंतर हजारो पटींनी आटवलेले असते, आणि ते आटवणे पाहणाऱ्याच्या डोळ्यांत भरू नये म्हणून मध्ये एखादी टेकडी, झाडांची रांग किंवा बोगदा ठेवलेला असतो. मांडणीत बोगदे फार असतात ते यामुळेच. बोगद्यात शिरलेली गाडी किती दूर गेली याचा अंदाज बांधता येत नाही, आणि ती दुसऱ्या तोंडातून थोड्या उशिराने बाहेर आली की मधले अंतर मन आपोआप भरून काढते.

वळणांचीही तीच गत. भारतीय ब्रॉडगेजवर सर्वांत तीव्र वळणाची त्रिज्या १७५ मीटर धरतात. ती ८७ ने भागली तरी दोन मीटर उरते, म्हणजे गाडीला एक पूर्ण वळसा घ्यायला चार मीटर व्यासाचे वर्तुळ लागेल. बाजारात मिळणाऱ्या तयार रुळांची त्रिज्या मात्र ३६ सेंटिमीटरांपासून सुरू होते, म्हणजे खऱ्या जगात अवघी ३१ मीटर. अशा वळणावर लांब डबे शेजारच्या रुळावर बाहेर डोकावतात आणि बफर एकमेकांत अडकतात, म्हणून प्रतिकृतीतील जोडण्या खऱ्यापेक्षा सैल व लांब ठेवतात. चढाचा प्रश्न त्याहून रंजक आहे. एका गाडीला दुसरीच्या डोक्यावरून जायचे तर या प्रमाणात सुमारे नऊ सेंटिमीटर उंची गाठावी लागते. डोंगराच्या पोटात साठ सेंटिमीटर त्रिज्येचा गोल जिना रचून एका फेऱ्यात तेवढी उंची गाठली, तर चढ साधारण ४२ ला १ पडतो, आणि भोर घाटातला कमाल चढ ३७ ला १ आहे. खंडाळा ते पुणे हा मार्ग १८५८ मध्ये सुरू झाला तरी घाट १८६३ पर्यंत अडून राहिला होता, आणि मधली पाच वर्षे उतारूंना पालख्या, तट्टे आणि बैलगाड्यांनी घाट पार करावा लागत असे. जागा थोडी आणि उंची फार हा जो पेच त्या काळच्या अभियंत्यांना पडला तोच टेबलावरच्या रचनाकारालाही पडतो. अभियंत्यांनी खंडाळ्याजवळ गाडी एका टोकाला नेऊन, तिची दिशा उलटवून पुढे चढवणारे ‘रिव्हर्सिंग स्टेशन’ बांधले, रचनाकार गोल जिना बांधतो.

इथवर प्रश्न फक्त लांबी-रुंदीचा होता. खरी गंमत त्यापुढे आहे, कारण लांबी लहान केली म्हणून निसर्गाचे नियम लहान होत नाहीत. लांबी ८७ पट घटली की क्षेत्रफळ ८७ च्या वर्गाने आणि घनफळ ८७ च्या घनाने, म्हणजे ६ लाख ५८ हजार ५०३ पटींनी घटते. १२३ टन वजनाचे डब्ल्यूएपी-७ जातीचे विद्युत इंजिन या हिशेबाने १८७ ग्रॅमचे झाले पाहिजे, आणि चाळीस टनांचा रिकामा डबा साठ-एक ग्रॅमचा. परंतु इतका हलका डबा वळणावर घसरतो आणि इतक्या हलक्या इंजिनाची चाके जागीच फिरतात, कारण वळणावरचे घर्षण आणि आसातले घर्षण त्याच पटीने कमी झालेले नसते. म्हणून इंजिनाच्या पोटात धातूचे ठोकळे भरून त्याचे वजन दुप्पट किंवा त्याहून अधिक करतात, आणि जाणकार छंदिष्ट त्या लांबीच्या डब्याचे वजन दीडशे ग्रॅमांच्या वर नेतात. दिसायला हुबेहूब असलेली गाडी वजनाला हुबेहूब असती तर ती चाललीच नसती.

धूळही लहान होत नाही. एक दशांश मिलिमीटरचा धुळीचा कण खऱ्या रुळावर कोणाच्या खिजगणतीत नसतो, पण छोट्या रुळावर तो जवळपास नऊ मिलिमीटरच्या खड्यासारखा आडवा येतो, आणि चाक व रूळ यांच्यामधून जाणारी वीज तोडतो. अशा संग्रहालयांच्या देखभालीत रूळ पुसण्याला जे महत्त्व असते ते केवळ टापटिपीसाठी नव्हे. पाण्याचेही तसेच आहे. पृष्ठताणामुळे पाण्याचा थेंब आणि लाट यांचा आकार ठरलेला असतो, त्यामुळे चिमुकल्या नदीत खरे पाणी सोडले तर ती नदी न वाटता सांडलेले पाणी वाटते, म्हणून रचनाकार पारदर्शक राळ ओतून नदी गोठवतात. वाफेच्या इंजिनाचे दुखणे याहून मोठे. बॉयलरच्या पोटातले पाणी घनाच्या हिशेबाने आणि उष्णता गमावणारा त्याचा पृष्ठभाग वर्गाच्या हिशेबाने घटतो, परिणामी त्याच आकाराच्या लहान बॉयलरला पाण्याच्या मानाने ८७ पट पृष्ठभाग येतो आणि तो तापण्यापेक्षा निवतो जास्त. म्हणून या प्रमाणातली वाफेची इंजिने जवळजवळ नेहमीच विजेवर चालतात आणि त्यांच्या धुराड्यातून येणारा धूर हा तापवलेल्या तेलाचा असतो.

सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे काळ. ताशी १०० किलोमीटर वेगाची गाडी प्रमाणात चालवायची तर तिने सेकंदाला केवळ ३२ सेंटिमीटर जायला हवे. पाहणाऱ्याला हा वेग कंटाळवाणा वाटतो, त्यामुळे प्रदर्शनांमध्ये गाड्या बहुधा प्रमाणापेक्षा वेगाने पळतात, आणि ज्या संग्रहालयात त्या सावकाश चालतात तेथे रचनाकाराची जाण अधिक असे मानायला हरकत नाही. टेबलावरून घसरलेला डबा ९० सेंटिमीटर खाली पडायला अर्धा सेकंदही घेत नाही. तोच कडा खऱ्या जगात ७८ मीटरांचा असता आणि डब्याला पडायला चार सेकंद लागले असते. चित्रपटांत प्रतिकृती वापरून अपघात दाखवताना कॅमेरा प्रमाणाच्या वर्गमुळाइतक्या वेगाने, म्हणजे या प्रमाणाला सुमारे नऊपट वेगाने चालवतात ते हाच फरक लपवण्यासाठी. छंदिष्टांनी काळापुरता आणखी एक तोडगा काढला आहे. अंतरे आटलेली असल्यामुळे वेळापत्रक खऱ्या घड्याळावर बसत नाही, म्हणून ते मांडणीशेजारी वेगवान घड्याळ लावतात, ज्यात मांडणीचा एक तास काही मिनिटांतच संपतो.

वजन, उष्णता आणि काळ यांनी अशी साथ सोडली तरी एक गोष्ट छोट्या रेल्वेत जवळपास जशीच्या तशी उतरते, ती म्हणजे गाड्यांचे नियमन. गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर नेणाऱ्या सरकत्या पट्ट्यांच्या जोडीला मराठीत सांधा म्हणतात, आणि तो बदलणाऱ्याला सांधेवाला. छोट्या मांडणीतला सांधा खऱ्या सांध्याच्याच भूमितीने चालतो. फरक इतकाच की सांधेवाल्याच्या जागी विद्युतचुंबक किंवा छोटी मोटार असते. मार्गाचे तुकडे पाडून एका तुकड्यात एका वेळी एकच गाडी सोडायची, या तत्त्वाला ब्लॉक पद्धती म्हणतात. छोट्या मांडणीत प्रत्येक तुकड्याचे रूळ शेजारच्या तुकड्यापासून विजेच्या दृष्टीने अलग केलेले असतात, पुढचा तुकडा व्यापलेला असेल तर अलीकडचा सिग्नल तांबडा होतो आणि त्याच्या अलीकडच्या रुळातील वीज बंद होऊन मागची गाडी थांबते. दालनात उभ्या असलेल्या प्रेक्षकाने एखाद्या देखण्या इंजिनाचा पाठलाग सोडून एकाच सिग्नलवर पाच मिनिटे नजर ठेवली, आणि तो तांबडा असताना पुढे कोणती गाडी कुठे आहे हे शोधले, तर पुस्तकाच्या अनेक पानांनी न होणारे काम होऊन जाते.

खऱ्या आणि छोट्या रेल्वेतील एक नाते येथे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. छोट्या गाडीला चालण्यासाठी लागणारी वीज, साधारण १२ व्होल्टची, बहुतेक मांडण्यांत दोन रुळांमधूनच मिळते, डावा रूळ एक तार आणि उजवा दुसरी, आणि म्हणूनच तिची डावी-उजवी चाके एकमेकांपासून विजेच्या दृष्टीने तोडलेली असतात. खऱ्या रेल्वेतही रुळांतून वीज सोडतात, पण ती गाडी चालवण्यासाठी नव्हे, गाडीचा पत्ता लागण्यासाठी. अमेरिकेतील विल्यम रॉबिन्सन यांनी १८७२ साली साधलेल्या या ‘ट्रॅक सर्किट’ युक्तीत मार्गाच्या तुकड्याच्या एका टोकाला बॅटरी आणि दुसऱ्या टोकाला रिले, म्हणजे विजेने ओढून धरलेली कळ, जोडतात. गाडी आली की तिचा लोखंडी आस दोन्ही रूळ जोडतो, वीज मधूनच परत फिरते, रिले सुटतो आणि सिग्नल तांबडा होतो. बॅटरी मेली, तार किंवा रूळ तुटला तरी रिले सुटून सिग्नल तांबडाच होतो. बिघाड झालाच तर तो सुरक्षिततेच्या बाजूला झुकावा ही कल्पना इतक्या थोडक्या साहित्यात साकारणे हे माणसाच्या बुद्धीचे एक अत्यंत सुंदर काम आहे.

दोन रुळांतून वीज देण्याने एक कोडेही निर्माण होते. गाडी एका वळशाने फिरवून त्याच मार्गावर उलट दिशेने परत आणली, तर डावा रूळ फिरून उजव्याला येऊन मिळतो आणि शॉर्टसर्किट होते. कागदावर दोन रेघा काढून ताडून पाहिल्यास हे लगेच पटते. त्यावर उपाय म्हणून वळशाचा तुकडा अलग करून, गाडी त्यात असतानाच विजेची दिशा उलटवावी लागते. मेर्कलिनच्या मांडण्यांमध्ये दोन रुळांच्या मध्ये बारीक टाचण्यांची तिसरी वाहिनी असते, तेथे हा प्रश्नच उद्भवत नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून रूढ होत गेलेल्या अंकीय पद्धतीत तर रुळांवर सतत पुरेशी वीज असते आणि प्रत्येक इंजिनात बसवलेला चिमुकला संगणक आपल्या क्रमांकाची आज्ञा तेवढी ऐकतो, त्यामुळे एकाच रुळावर दोन इंजिने वेगवेगळ्या वेगाने चालवता येतात. हाच संगणक इंजिनाला हळूहळू वेग घ्यायला आणि हळूहळू थांबायला लावून त्याच्या अंगी नसलेले वजन असल्याचा भास निर्माण करतो.

नियमनाचे हे अंग खरे असल्यामुळेच रेल्वे खात्यांनी छोट्या गाड्यांना गंभीरपणे वापरले. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडच्या लँकेशायर आणि यॉर्कशायर रेल्वेने सिग्नल चालवणाऱ्यांना शिकवण्यासाठी मँचेस्टरच्या व्हिक्टोरिया स्थानकात बांधलेली मांडणी आता यॉर्कच्या रेल्वे संग्रहालयाच्या मालकीची आहे, आणि भारतीय रेल्वेच्या प्रशिक्षण संस्थांतही ‘मॉडेल रूम’ असते, जेथे भावी स्टेशनमास्तर छोट्या गाड्या सोडत नियम गिरवतात. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९४६ साली स्थापन झालेल्या विद्यार्थ्यांच्या छोट्या रेल्वेच्या मंडळात तर टेलिफोनचे रिले जोडून मांडणी चालवणारी मुलेच पुढे संगणकाकडे वळली, आणि ‘हॅक’ हा शब्द तंत्रज्ञांच्या बोलीत रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. हौसेची दुसरी तऱ्हा ग्वाल्हेरला दिसते. शिंदे घराण्याच्या जयविलास राजवाड्यातील भोजनाच्या मेजावर चांदीची एक विजेची गाडी मद्य आणि चिरूट घेऊन पाहुण्यांपुढून फिरत असे, आणि तिच्यावरची बाटली उचलली की ती थांबे.

काही मांडण्यांत दोन रुळांच्या चौकटीबाहेरची वाहनेही असतात. डोंगराच्या उतारावर दोरखंडाने बांधलेले दोन डबे, एक उतरत असताना दुसरा चढतो, या युक्तीला फ्युनिक्युलर म्हणतात, आणि सप्तशृंगी गडावर ट्रॉलीने गेलेल्या मराठी वाचकाला ती नवीन नाही. उतरणाऱ्या डब्याचे वजन चढणाऱ्याला तोलून धरते, त्यामुळे मोटारीला फक्त दोघांच्या वजनातला फरक आणि घर्षण यांच्याशी झुंजावे लागते. तराजूचा हा न्याय लहान आकारातही अबाधित राहतो. वरच्या रुळाला लटकून धावणारी गाडी कल्पनेतली वाटते, परंतु जर्मनीतील वुपरटाल शहरात अशी गाडी १९०१ पासून नदीच्या पात्रावरून धावत आली आहे.

भारतातल्या छंदिष्टापुढे मात्र एक अडचण आहे, जी जर्मनीतल्या छंदिष्टाला कधी जाणवली नाही. येथील ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरची असल्याने तिचा सत्त्याऐंशीवा भाग १९.२६ मिलिमीटर होतो, आणि बाजारातील रूळ १६.५ मिलिमीटरचे असतात. तयार रुळांवर ठेवलेले भारतीय इंजिन म्हणूनच वरून रुंद आणि खालून पाय जवळ घेऊन उभे राहिल्यासारखे दिसते. हे पावणेतीन मिलिमीटर भरून काढायचे तर रूळ, सांधे आणि चाके स्वतःच्या हाताने घडवावी लागतात, आणि बहुतेक जण ती तफावत पत्करूनच पुढे जातात. माथेरानच्या गाडीची ६१० मिलिमीटरची वाट या प्रमाणात ७ मिलिमीटरची होते, तिच्या जवळचे तयार रूळ साडेसहा मिलिमीटरचे मिळतात. पण एकास एकशे साठ या आणखी लहान प्रमाणासाठी बनवलेले आणि जगभर सहज मिळणारे रूळ ९ मिलिमीटर रुंदीचे असतात, आणि नागपूरहून सातपुड्यात शिरणाऱ्या, पुढे ब्रॉडगेजमध्ये बदलल्या गेलेल्या ७६२ मिलिमीटरच्या नॅरोगेजचा सत्त्याऐंशीवा भाग ८.७६ मिलिमीटर भरतो. मोतीबागेच्या संग्रहालयात उभी असलेली ती इंजिने कोणी टेबलावर चालवायची ठरवली, तर त्यांच्यासाठी रूळ तयारच आहेत, आणि चूक पाव मिलिमीटरच्याही आत राहते.